पाय ठेका धरतात, शब्द मात्र…

मी वाचलेल्या एका लेखात बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटिश बँडच्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' या अल्बमला (१९९६) 'पावसाळी दुपारची हलकीफुलकी गाणी' म्हटलंय. पावसाळी दुपार ठीक, पण हलकीफुलकी? मीही वर्षभर तसंच ऐकलं. भांडी घासताना लावायचो. मग एकदा 'गेट मी अवे फ्रॉम हिअर, आयॅम डाइंग' लागलं आणि साबणाचे हात तसेच थांबले. चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतात, आणि नावातच माणूस म्हणतोय, मला इथून न्या, मरतोय मी!

बँडचा गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक क्रॉनिक फटीगच्या (सततच्या, न हटणाऱ्या थकव्याच्या) आजाराने कित्येक वर्षं घरी पडून होता, हे लेखात यायला हवं होतं. गाणी लिहायला तो तेव्हाच लागला. नंतर ग्लासगोत एका चर्चच्या हॉलची देखभाल करत तिथेच वर राहायचा. त्याच्या गाण्यांतली माणसं खिडकीतून बघितल्यासारखी का वाटतात, ते यावरून कळतं. शीर्षकगीताच्या सुरुवातीला खेळणाऱ्या पोरांचा गलका ऐका, आणि मग पुढे कुणाची कहाणी येते ते बघा.

ध्वनिमुद्रण कच्चं आहे, हे मान्य. बँडलाही ते खटकत होतं, म्हणून २००५ मध्ये हाच अल्बम लंडनच्या बार्बिकन सभागृहातल्या मैफलीतून पुन्हा काढला. वाजवलंय झकास. तरी मी जुनाच लावतो. पहिल्या गाण्यात तो जवळजवळ पुटपुटत सुरू होतो आणि ट्रम्पेट येईपर्यंत आपण आवाज वाढवत बसतो, ती गंमत नव्यात नाही.