सिमेंटचा गिलावा आणि चिऱ्याची भिंत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या घराच्या दुरुस्तीत होणाऱ्या चुकांविषयी मी लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चुन्याच्या गिलाव्याचा आग्रह जुनी घरे विकत घेऊन सजवणाऱ्या धनिकांनाच परवडतो. फोंड्यातील आपल्या घराला सिमेंटचा गिलावा करून दहा वर्षे झाली, तरी तो शाबूत आहे. आणि ‘एक पावसाळा थांबा’ हा सल्ला चतुर्थीपूर्वी घर तयार हवे असणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. डिचोलीकडील आपल्या आजोळच्या घराचे काम आता काढायचे आहे आणि त्यावर स्लॅब घालण्याचा विचार आहे, असेही आपण लिहिले आहे. त्या घरासाठीच हे उत्तर सविस्तर देत आहे.

‘सिमेंट हा जुन्या घराचा शत्रू’ हे माझे वाक्य सरसकट होते आणि ते तसे लिहायला नको होते, हे मी मान्य करतो. फोंड्याचे घर सिमेंटमध्ये बांधलेले असेल आणि जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर असेल, तर तिथे सिमेंटचा गिलावा टिकणारच. आजोळचे घर मात्र, आपल्याच वर्णनानुसार, मातीत रचलेल्या चिऱ्यांचे आहे आणि जोत्यावर असा थर नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. तो जमिनीतले पाणी वर ओढतो, आणि जुन्या भिंती ते पाणी मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून हवेत सोडून देत असत. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल आतल्या आत वर चढते, तिच्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि त्यांचे स्फटिक होताना गिलावा भिंतीपासून सुटू लागतो.

हे मी माझ्या घरी अनुभवले आहे. मागच्या खोलीत सिमेंटचा गिलावा करून घेतल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात पलंगाच्या उंचीवर पोपडे धरले. कंत्राटदाराच्या सांगण्यावरून मी चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, तर पुढच्या वर्षी ओल टाइल्सच्या वर हातभर दिसू लागली. बोटाच्या पेराने वाजवले की पोकळ आवाज येई. अखेर एक टाइल उचकटली, तेव्हा मागे पिठासारखा पांढरा लोणा, म्हणजे साठलेला क्षार, होता आणि चिरा इतका भुसभुशीत झाला होता, की नखाने खरवडला तरी लाल भुगा खाली पडत होता. त्याहून मोठे कारण बाहेर सापडले. अंगणात पेव्हर बसवताना घातलेल्या भरावामुळे जमीन जोत्याच्या वर वीतभर चढली होती आणि पागोळ्यांचे सगळे पाणी भिंतीला टेकून उभे राहत होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो जिथे साचतो तिथे आतून कितीही महागडा वॉटरप्रूफ रंग लावला तरी पैसे वाया जातात.

खर्चाचे उत्तरही यातच आहे. पहिला खर्च कुदळीचा आणि फावड्याचा आहे: भराव काढावा, जमीन जोत्याच्या खाली आणावी, तिला घरापासून दूर उतार द्यावा. त्यानंतर चुना सगळ्या घराला लावण्याची गरज नाही. ओल चढते तेवढ्याच पट्ट्याला, म्हणजे बहुधा खालच्या तीन-चार फुटांना, तो पुरे. बाहेरून चिरा उघडा ठेवून नुसत्या सांध्यांत चुना भरला तरी चालते. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधावा लागतो, ही आपली तक्रार रास्त आहे. तो मिळाला, की चुना लवकर धरावा म्हणून त्यात सिमेंट मिसळू देऊ नका, एवढीच विनंती.

स्लॅबबद्दल मला खरोखर काळजी वाटते. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर जाते. मंगळुरी कौले आणि रिपा मिळून ६५ किलोंच्या आसपास भरतात. मातीत रचलेल्या, बुडाशी ओल खाल्लेल्या भिंतीवर जवळजवळ पाचपट भार टाकण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला ती भिंत दाखवा. वाळवी लागलेले वासे बदलून कौले पुन्हा चढवणे हेही पक्के कामच आहे. पंचायतीचा परवाना लागेलच, त्याविषयी आपला मतभेद नाही. आणखी एक: देवघरापुढच्या खोलीत फॉल्स सीलिंग करणार असाल, तर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचे वासे आणि कड्या आधी पाहून ठेवा. ऐन चतुर्थीत माटोळीला आधार सापडत नाही, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

आता चतुर्थीचा प्रश्न. ती पावसाळ्यातच येते, आणि आपण सगळे श्रावणात ओल्या भिंतींवर प्लॅस्टिक पेंट चढवतो. दिवाळीपर्यंत तो फुगतो. यंदा वायरिंग उरकून घ्या, जुना ऑइलपेंट नसलेल्या भिंतींना चुन्याचा हात द्या, आणि गिलाव्याचे काम दिवाळीनंतर काढा. गणपती सफेदी केलेल्या भिंतीपुढे बसला तर त्यात काहीच उणे नाही.

थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. या पावसात आजोळी असाल तेव्हा मोठी सर चालू असताना घराभोवती एक फेरी मारा आणि पागोळी कुठे पडते, पाणी कुठे अडते ते पाहा. आत भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा, आणि मार्चमध्ये पुन्हा पाहा. ओल रेघेच्या बरीच खाली उतरली असेल, तर पाणी पावसाचे आहे. तिथेच राहिली असेल, तर जमिनीतून किंवा गळक्या नळातून ते बारमाही येत आहे. दोन्ही तारखा आणि रेघेची उंची मला कळवा, म्हणजे कोणत्या भिंतीचा किती गिलावा काढावा लागेल याचा अंदाज बांधता येईल.