दाराचे पैसे कोण देणार?

पोलिसांच्या झडतीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा 'कर नाही त्याला डर कशाला' इथे येऊन थांबते. डर नसेलही हो, पण तुटलेल्या दाराचं काय?

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये झडती घेतल्यावर पोलीस घरात एक छापील कागद ठेवून जातात. झडती कोणत्या अधिकाराखाली झाली, घरात राहणाऱ्याचे हक्क काय आणि मोडतोडीच्या भरपाईचा अर्ज कोणत्या पत्त्यावर धाडायचा, हे सगळं त्यावर असतं. दार फोडलं असेल तर घर उघडं टाकून जायचं नाही, हाही नियम.

लगेच 'बघा, तिकडे कसं!' म्हणू नका. चुकून भलत्याच घरात शिरले तर भरपाई द्यावी, असा तिथल्या पोलिसांच्या नियमावलीचा स्पष्ट कल आहे. पण झडती कायदेशीर आणि बळाचा वापर वाजवी असेल तर पैसे मिळण्याची शक्यता कमी, असंही तीच सांगते. म्हणजे घर भाड्याने दिलेलं असेल, तर संशय भाडेकरूवर आणि भुर्दंड घरमालकाला. मला हे पटत नाही. यात जर्मनी सरस. तिथल्या संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये अशा घरमालकाचा भरपाईचा हक्क तत्त्वतः मान्य केला. भाडेकरूचे उद्योग त्याला आधीच ठाऊक असतील तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे कस्तुरीलाल खटल्याची सावली अजून पुरती हटलेली नाही. पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हेड कॉन्स्टेबलच घेऊन पळाला, तरी सरकार जबाबदार नाही, असं साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पुढच्या निकालांनी त्याची धार बोथट केली खरी, पण साध्या माणसाने फुटलेल्या कपाटासाठी कोर्टाच्या पायऱ्या किती चढायच्या?

बुलडोझरच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा पाडकामाची भरपाई अधिकाऱ्यांच्या खिशातून वसूल करायला सांगितलं. तिथे ते योग्यच. झडतीला मात्र तो नियम लावू नये. हवालदाराच्या पगारातून पैसे कापले जाणार असतील, तर कुलूप आधीच तुटलेलं होतं असंच तो लिहील. भार सरकारी तिजोरीवरच हवा.

पुरावा तर हाताशी आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. पंचनाम्यात जप्त वस्तूंची यादी असते, तशी मोडलेल्या वस्तूंचीही असावी आणि खाली अर्जाचा पत्ता. एवढंच मागणं आहे.

'मग पोलीस धजावणारच नाहीत' हा आक्षेप ठरलेला. सरकारी जीपने माणूस चिरडला तर सरकारने भरपाई द्यायची, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलं. त्यानंतर सरकारी जीपगाड्या काही गॅरेजमध्ये लावून ठेवल्या नाहीत कुणी.