घर विकायला काढलं म्हणून गळती थांबत नाही

पुण्यात भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देण्याचं काम मी करतो. त्यामुळे घरभाड्याबद्दलचा कुठलाही मेसेज फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येतो, खाली एक प्रश्न जोडून: "हे खरं का हो?" सध्या जो फिरतोय तो थोडक्यात असा: मालकाने फ्लॅट विकला की करार त्याच दिवशी रद्द, आठ दिवसांत घर खाली करावं लागतं. घर विक्रीला काढल्यावर दुरुस्ती मालकावर बंधनकारक नाही. डिपॉझिट नव्या मालकाकडे मागायचं. गिऱ्हाइकाला दाखवायला मालक कधीही घर उघडू शकतो. आणि भाडेकरूंना खूश करायला शेवटची ओळ: मालक ऐकत नसेल तर भाडं बंद करा, कायदा तुमच्या बाजूने आहे.

मालक आणि भाडेकरू दोघांनाही सारख्याच निष्ठेने खड्ड्यात घालणारा असा मेसेज मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

"विकलं की करार रद्द, आठ दिवसांत बाहेर."

आठ दिवस आले कुठून, हे मला अजून सापडलेलं नाही. बाकीचं उत्तर तुमच्या हातात कागद कोणता आहे त्यावर ठरतं, आणि मेसेजला हा फरकच ठाऊक नाही.

जुन्या वाड्यातले, चाळीतले, पागडीचे भाडेकरू महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली येतात. हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. घर खाली करून मागायची कारणं त्याच्या कलम 15 आणि 16 मध्ये आहेत: भाडं थकवणं, मालकाची स्वतःची खरीखुरी गरज, इमारत पाडून नवी बांधणं वगैरे. विक्री हे कारण त्या यादीत नाही. इमारत विकली तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो, भाडेकरू आहे तिथेच राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 109 तर पुढे जाऊन सांगतं, की विक्रीची कल्पना नसताना तुम्ही जुन्या मालकाला भाडं दिलंत, तर नवा मालक तेच भाडं पुन्हा मागू शकत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांकडे मात्र असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी. इथे भाडेकरूंच्या बाजूने बोलणारे हमखास चुकतात: "करार संपेपर्यंत कुणी हात लावू शकत नाही." तसं नाही. सुविधाधिकार कायदा, 1882 चं कलम 59 सरळ म्हणतं, की लायसन्स देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली तर तो दुसरा केवळ मालक झाला म्हणून त्या लायसन्सला बांधील नसतो. तुमचा हक्क घराला चिकटलेला नाही, सही करणाऱ्या माणसाविरुद्ध आहे. पण हक्क आहेच. कलम 63 प्रमाणे लायसन्स काढून घेतलं तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी लागते. कलम 64 प्रमाणे पैसे देऊन घेतलेलं लायसन्स तुमची काही चूक नसताना मुदतीआधी मोडून तुम्हाला बाहेर काढलं, तर नुकसानभरपाई देणं लागतो तो जुना मालक. शिवाय करारात नोटिशीचा महिना आणि लॉक-इन (करार मोडता येत नाही असा काळ) लिहिलेला असतो. कुलूप बदलणं, सामान जिन्यात ठेवणं हे तर कुठल्याच कायद्यात बसत नाही.

खरेदीदाराला जवळजवळ नेहमीच रिकामा ताबा हवा असतो, हेही विसरू नका. म्हणजे विकणाऱ्याला तुमच्या सहकार्याची गरज असते. भांडण्याआधी तारीख, डिपॉझिट आणि सामान हलवण्याचा खर्च यांवर बोलून बघा. मी पाहिलेली बरीच प्रकरणं एका चहावर मिटलेली आहेत.

"विक्रीला काढलं की दुरुस्ती बंधनकारक नाही."

मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, म्हणून इथे थांबतो.

माझी आतेबहीण भाड्याने राहते. गेल्या पावसाळ्याच्या आधीच तिच्या बेडरूमच्या भिंतीला ओल धरली. बाथरूम पलीकडेच, नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातून) पाणी मुरत होतं. रंगाचे पापुद्रे सुटले, मग ओल स्विचबोर्डापर्यंत चढली. तिने मालकांना फोन केला, "काका, भिंतीत पाणी उतरतंय, प्लंबर पाठवा ना." काका म्हणाले, "अगं, विकायलाच काढलाय फ्लॅट. नवा माणूस सगळं फोडून नवीन करणार, मी कशाला पैसे घालू?" पुढच्या रविवारी एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता. आदल्या दिवशी काकांचा फोन: ते लोखंडी कपाट जरा त्या भिंतीला सरकवून ठेव.

तिने मला विचारलं, "दादा, सरकवू का?"

मी म्हटलं, कपाट राहू दे, आधी पत्र लिही. कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष त्याला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याच कलमात पुढे आहे, की विक्रीचा करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मालमत्तेची एखाद्या शहाण्या मालकासारखी निगा राखायची. म्हणजे विक्री ठरली की जबाबदारी संपते हे सोडाच, खरेदीदाराच्या बाजूने आणखी एक जबाबदारी येऊन बसते. आणि भाड्याने राहणाऱ्याचं तारीख घातलेलं पत्र, सोबत ओलीचे फोटो, हा मालकाला दोष माहीत होता याचा पुरावा असतो. फोनवरच्या बोलण्याला ती किंमत नाही.

आता भाडेकरू म्हणून थेट हक्क काय? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, उलट काही ठरलेलं नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्यात "विकायला काढलेलं घर वगळून" असं कुठे म्हटलेलं नाही. किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना 6,000 असेल तर वर्षाचे 72,000, त्यातून जास्तीत जास्त 18,000. पावत्या जपून ठेवायच्या, त्यांच्यावरच सगळं उभं असतं.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मात्र हे कलम मालकाच्या तोंडावर फेकायची घाई करू नये, त्यातला शब्द "भाडेकरू" आहे. तुम्ही आधी करार उघडा. प्लंबिंग, वायरिंग, भिंती कुणाकडे, हे तिथे लिहिलेलं असेल तर तोच तुमचा आधार. काहीच लिहिलेलं नसलं तरी धोक्याची गोष्ट वेगळी. मालकाला माहीत असलेला आणि तुम्हाला माहीत नसलेला धोकादायक दोष त्याने सांगितला पाहिजे, हे सुविधाधिकार कायद्यातही आहे, कलम 57. मुळात ओल्या स्विचबोर्डाबद्दल कुणाशी कायद्यावरून वाद घालत बसू नये. आधी मेन स्विच बंद करावा.

गळती वरच्या मजल्याच्या गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) ती सोसायटीची. गंमत अशी की तिथे अर्ज सभासदाने करायचा असतो. भाडेकरू सभासद नाही. मालक म्हणतो सोसायटीला विचारा, सेक्रेटरी म्हणतात मालकाचं पत्र आणा, आणि घोंगडं शब्दशः भिजत राहतं. अशा वेळी दुरुस्ती मागू नका, मालकाकडून सोसायटीला जाणारा दोन ओळींचा ईमेल मागा. विकायच्या घाईतला मालकही तेवढं करतो.

"डिपॉझिट नव्या मालकाकडे मागा."

ज्याने घेतलं त्याच्याकडे मागा. नवा मालक सरळ म्हणेल, मी तुमच्याकडून एक रुपया घेतलेला नाही, आणि लिव्ह अँड लायसन्समध्ये ते बरोबर असेल. राहायचंच असेल तर जुन्याकडून डिपॉझिट परत घ्या आणि नव्याशी नवा करार नोंदवा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. 25,000 भाडं, 1 लाख डिपॉझिट, 11 महिने, तर साधारण सातशे रुपये, वर नोंदणी फी 1,000. लाखभराच्या सुरक्षेला हा खर्च जास्त नाही. (माझा धंदा आहे म्हणून सांगत नाही. बरं, थोडं म्हणूनही सांगतो.) आणि 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चालत नाही. इथे प्रत्येक भाडेकरार, लायसन्ससुद्धा, नोंदवावाच लागतो, आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

"गिऱ्हाइकाला दाखवायला कधीही."

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 28 मालकाला घराची पाहणी करू देतं, पण आधी कळवून, वाजवी वेळी. लायसन्सवाल्यांनाही हे लागू. दुसऱ्या चावीने अचानक दार उघडणं यात बसत नाही. तसंच "मी दाखवूच देणार नाही" हा हट्टही चालायचा नाही. शनिवार-रविवारची वेळ ठरवून टाका.

"भाडं बंद करा."

हे ऐकू नका. लायसन्सवर असाल तर भाडं थकवणं म्हणजे करार मोडायला मालकाला आयतं कारण हातात देणं. सुविधाधिकार कायद्याच्या कलम 64 ची भरपाई मागताना "माझी काही चूक नव्हती" हे तुम्हाला म्हणता आलं पाहिजे. आणि रागाच्या भरात मुदत संपल्यावरही बसून राहिलात, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने नुकसानी द्यावी लागते. पागडीच्या भाडेकरूलाही वर सांगितलेला चतुर्थांश आहे, सगळं भाडं नाही. उलट मालकाने भांडणात पाणी, वीज तोडली, तर भाडेकरूला त्याच कायद्याचं कलम 29 आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण कोर्ट पुरवठा परत सुरू करायचा हुकूम देऊ शकतं, आणि कामाचं तेच असतं.

आतेबहिणीने पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, तेच व्हॉट्सॲपवरही टाकलं. चौथ्या दिवशी प्लंबर आला. ट्रॅप बदलला, दोन फरशा फोडल्या, त्या अजून वेगळ्याच रंगाच्या आहेत. कपाट तिने हलवलं नाही. ते गिऱ्हाईक आलं, भिंतीवरचा डाग बघून त्यांनी काकांना भाव कमी करायला सांगितला. काका तिच्याशी महिनाभर बोलत नव्हते.