नवा मॅक, फ्लॅक आणि फिरता मेसेज : खुलासा

गणपतीच्या तोंडावर सोलापुरातल्या डीजेवाल्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : 'नव्या मॅकवर डीजे सॉफ्टवेअर चालत नाही, एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदला, आवाज डबल.' (मॅक म्हणजे अ‍ॅपलचा कॉम्प्युटर; फ्लॅक म्हणजे आवाजातलं काही न गाळणारा फाइलचा प्रकार.) दोन्ही चूक.

२०१९च्या कॅटालिना या मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून जुन्या पद्धतीची ३२-बिट सॉफ्टवेअर बंद झाली, एवढं खरं. पण २०२०ला अ‍ॅपलची स्वतःची एम-वन चिप आल्यावरही आधीच्या इंटेल चिपसाठी लिहिलेली बरीच ६४-बिट सॉफ्टवेअर रोझेटा २ या अ‍ॅपलच्या 'दुभाष्या' सॉफ्टवेअरवर चालली. डीजे कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो मॅकला जोडणारं सॉफ्टवेअर) मात्र आधी तपासा, तिथं रोझेटा कामाला येत नाही.

फ्लॅकचं म्हणाल, तर एमपीथ्री करताना आवाजातलं जे गळलं ते गेलंच. परवा १० एमबीचं गाणं बदलून पाहिलं : फाइल ३० एमबीची, आवाज होता तोच. (पेनड्राइव्ह तेवढा भरला.) सीडीवरून थेट फ्लॅक केलं तर काही गळत नाही, पण पायोनियरचा जुना सीडीजे-२००० प्लेअर फ्लॅक वाजवतच नाही, त्याला वेव्ह (WAV) फाइल द्या.