राणीच्या बागेतले पेंग्विन बर्फातून आलेले नाहीत

शाळांना सुट्टी लागली की राणीच्या बागेतल्या, म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या प्राणीसंग्रहालयातल्या, पेंग्विनांवरचा एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. सारांश असा : ‘अंटार्क्टिकाच्या बर्फातले मुके जीव पकडून मुंबईच्या उकाड्यात आणले. काचेच्या फ्रीजमध्ये कोंडले. एकेक करून मरतायत. आता असेच आणखी प्राणी आणणार आहेत. करदात्यांचा पैसा पाण्यात. बागेत पाय ठेवू नका.’ सोबत कोपऱ्यात उभ्या असलेल्या, पिसं गळालेल्या एका पेंग्विनाचा व्हिडिओ.

पाठवणाऱ्यांचा कळवळा खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि विचारायला हवा तो प्रश्न त्यात नाहीच.

आधी बर्फाचं बघू. भायखळ्याला आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, वाळवंट आहे. चिलीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी हे पक्षी चक्क निवडुंगांच्या आडोशाला घरटी करतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे वर्षानुवर्षं साचलेले थर असतात, त्याला ग्वानो म्हणतात. त्यात बीळ खणून अंडी घालायची ही यांची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हा ग्वानो खरवडून जहाजं भरभरून नेला गेला आणि यांची घरटीच गेली. शिवाय एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो, मासळी दूर जाते आणि पिल्लं उपाशी मरतात. आज ही जात असुरक्षित गणली जाते. चेहऱ्यावर चोचीच्या मुळाशी गुलाबी, बिनपिसांची कातडी दिसते ना, ती अंगातली उष्णता बाहेर टाकायला असते. बर्फातल्या पक्ष्याला तिची काय गरज? पेंग्विनांच्या दीड डझन जातींपैकी अंटार्क्टिकावर वीण करणाऱ्या मोजक्याच आहेत.

‘मग एसी कशाला?’ हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. त्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. कक्षात 16 ते 18 अंश तापमान ठेवतात ते त्याच्याशी मिळतंजुळतं. मुंबईची खरी अडचण आहे दमटपणा. बंदिस्त पेंग्विनांचा मोठा वैरी म्हणजे फुप्फुसात वाढणारी बुरशी, त्यामुळे हवा थंड हवी तशी स्वच्छही हवी. एसी लागतो म्हणजे पक्षी बर्फातलाच असला पाहिजे, असं होत नाही.

‘पकडून आणले’ हेही खरं नाही. जुलै 2016 मध्ये आठ पेंग्विन आले ते दक्षिण कोरियातल्या सोलच्या मत्स्यालयातून. बागेत आणलेल्या शक्ती आणि करिश्मा या वाघांच्या जोडीबद्दलही ‘जंगलातून उचलले’ असं लिहिलेलं मी वाचलंय. ती जोडी फेब्रुवारी 2020 मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली, तिथेच जन्मलेली. आपल्याकडे प्राणीसंग्रहालयांचे व्यवहार केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मंजुरीने, बहुतेक देवाणघेवाणीने होतात. बागेला गुजरातचे सिंह हवे होते, तर बदल्यात झेब्रा द्या, यावर ती गोष्ट किती वर्षं रखडली! पकडून आणायची मुभा असती तर एवढं अडलं नसतं.

आता ‘एकेक करून मरतायत’. इथे काहीच झाकायचं कारण नाही. आठांपैकी दीड वर्षांची मादी ऑक्टोबर 2016 मध्ये, म्हणजे कक्ष लोकांना खुला होण्याआधीच, जंतुसंसर्गाने गेली. 15 ऑगस्ट 2018 ला जन्मलेलं पिल्लू, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन, आठवडाभरात दगावलं. दोन्ही वेळा जाब विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण मेसेज तिथेच थांबतो. 2021 मध्ये झालेली पिल्लं जगली, मोठी झाली, पुढेही होत राहिली. सुरुवातीला आठ पक्षी होते, आता त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

आणि तो व्हिडिओ. तसाच एक पेंग्विन मी काचेपलीकडे पाहिलाय. मानेवर जुन्या पिसांचे पुंजके, खाली नवी गुळगुळीत पिसं, बाकीचे पाण्यात सूर मारत असताना हा एकटा खडकावर. शेजारच्या आजी नातवाला सांगत होत्या, ‘बिचारा आजारी आहे रे.’ आजारी नव्हता तो, पिसं बदलत होता. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतो. दोन-तीन आठवडे अंगावरचं आवरण पाणी अडवत नाही, म्हणून तो पाण्यात उतरत नाही. जंगली पेंग्विन तर त्या दिवसांत उपाशीच असतो, त्याआधी खाऊन खाऊन चरबी साठवून ठेवतो. आजींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आपली कोंबडी पीस टाकते तसंच.’ साधारण तसंच.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मेसेजला मी अर्धे गुण देईन. 2021 मध्ये देखभालीचं तीन वर्षांचं कंत्राट सुमारे 15 कोटींचं निघालं, त्यावर महापालिकेत वाद झाला. ज्या शहरात रस्त्यांवर खड्डे आहेत, तिथे हा वाद व्हावाच. उलट बाजूला, 2017 मध्ये मोठ्यांचं तिकीट 5 रुपयांवरून 50 झालं आणि तरी रांगा वाढल्या, बागेचं उत्पन्न लाखांतून कोटींत गेलं. ते सगळं पेंग्विनांमुळेच, असंही मी म्हणणार नाही. नवे पिंजरे आणि आत शिरून पाहता येणारा मोठा पक्षीकक्ष हेही त्याला कारण आहे.

पण कक्षात सुरुवातीला आठच पक्षी आणले होते. आता दरवर्षी नव्या पिल्लांची नावं जाहीर होतात, आपण टाळ्या वाजवतो, आणि जागेचं कुणी विचारत नाही. या कक्षात जास्तीत जास्त किती पक्षी नीट राहू शकतात? त्यापुढचे कुठल्या संग्रहालयात जाणार? नवे प्राणी येणार असतील तर त्यांची पिलावळ धरून जागेचा हिशोब केलाय का? कक्षात किती पक्षी मावतात हा आकडा बागेच्या दारावर, तिकीटदरांच्या फलकाशेजारी लावावा, असं पत्र मी महापालिकेला लिहिते आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी ज्यांना सही करायची असेल, त्यांनी ग्रुपवरच कळवा.