म्हैस कुठाय?

परवापासून कोल्हापुरात गंगावेशीतून जाताना मी गाडीच्या काचा वर घेतो. ऊन मरणाचं, गाडीत एसी नाही, तरी घेतो. त्या जांभळ्या पातळातल्या बाई पुन्हा दिसल्या तर काय घ्या.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८८ची, वडिलांनी घेतलेली. तिचा मूळचा पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून पुढं देणारा, इंजिनाच्या कुशीला, रबरी पडद्याचा. वर्षानुवर्षं त्यानं बिनबोभाट काम केलं. मग पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि एक दिवस पंप उघडला तर पडदा पाण्यात पडलेल्या पापडासारखा. "इथेनॉलनं खाल्ला," मिस्त्री म्हणाला. उसापासूनही बनतं हो ते. जन्म उसाच्या जिल्ह्यात गेला, उसाची बिलं कधी मिळणार यावरची भांडणं ऐकत मोठा झालो, आणि शेवटी तो ऊस असा अंगावर आला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. जुन्या मोटारीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायची फी २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० झाली. २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केली. म्हणजे पैसे घेताना गाडी जुनी आहे हे बरोबर लक्षात राहतं. पेट्रोल देताना नाही राहत. असो.

तर मिस्त्री म्हणाला, इलेक्ट्रिक पंप टाकू. उद्यमनगरात गेलो. दुकानदारानं डबीएवढा पंप काउंटरवर ठेवला. "सात पौंड प्रेशर, काका. विषय हार्ड!" मला किती पौंड पाहिजेत हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपल्या गावात 'बेताचं आहे, तेवढंच पुरे' असं म्हणून काही विकलं गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की तो वर येऊन नीडल दाबतो, पेट्रोल बंद. मागून अडीच-तीन पौंडांचा रेटा असेल तर त्या बिचाऱ्याला हे जमतं. जुना पंप समंजस होता. त्याचा जोर त्याच्या स्प्रिंगएवढा. वाटी भरली, नीडल बसली, की पडदा जागच्या जागी थांबायचा. नवा पंप म्हणजे आमच्याकडचा यजमान. पाहुणा दोन्ही हात आडवे धरून 'नको नको' म्हणतोय आणि हा वरून तांबडा रस्सा ओततोय.

गंगावेशीत, संध्याकाळी, ऐन दूध कट्ट्यासमोर गाडीनं काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि बसली. बॉनेट उघडलं तर कार्ब्युरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळतंय. मी शास्त्रज्ञासारखा बघत उभा.

"आदी मोटर तरी बंद करा की पावणं!"

किल्ली चालूच होती. इंजिन मेलेलं, पंप मात्र कट-कट-कट करत ओततोय. मी धावत जाऊन किल्ली काढली. परत आलो तोवर आवाजाचे मालक बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत होते. पटका, हातात दुधाची किटली, सायकल गाडीच्या बंपरला टेकवलेली. माझ्या बंपरला.

"मोटर किती एचपीची?"

"मामा, ही विहिरीवरची मोटर नव्हे, पेट्रोल पंप आहे."

"मोटर ती मोटरच. प्रेशर किती?"

"सात पौंड."

"किलोत सांगा."

एक किलो म्हणजे चौदा पौंडांच्या थोडं वर. मी म्हटलं, अर्धा किलो.

"आन लागतंय किती?"

"अडीच पौंड."

मामांनी डोळे मिटून भागाकार केला. "म्हंजे पावकिलोबी न्हाई? एवढ्यावर माझ्या ठिबकच्या नळीला घामबी फुटत न्हाई!" आणि माझ्या गाडीकडे अशी नजर टाकली, की लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार ऐकल्यावर मुलीचा मामा टाकतो.

एव्हाना सात-आठ जण जमले होते. एकानं "इकून टाका" असं सुचवलं. एकानं सीएनजी. मामांनी दोघांना हातानंच गप्प केलं.

"बायपास कुठाय?"

"कसला बायपास?"

"अवो, मोटर मोठी, ठिबक बारकं. जादाचं पाणी परत हिरीत सोडाय नको? न्हाईतर नळ्या फुटत्यात. तुमचं जादाचं जातंय कुठं?"

मी खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. लोक हसले. मला नाही हसू आलं.

"आन मोटर हितं वर कशाला बसवली? हीर मागं हाय न्हवं? मोटर पाण्याजवळ ठेवायची. मोटर ढकलती चांगली, वढती वाईट."

मिस्त्रीनं पंप बॉनेटखाली बसवला होता, तोही गरम सायलेन्सरच्या नळीशेजारी. का, तर वायर कमी लागते. यावर मी तीन आठवडे वाचत होतो. प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर, जादाचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन, गरमीनं नळीत होणारी वाफ, सगळं वहीत लिहून घेतलेलं. आणि ठिबकवाल्या मामांनी ते पाच मिनिटांत, मला एक शब्द मध्ये बोलू न देता, चौकात जाहीर केलं. माणूस बरोबर आहे याचाच राग जास्त येतो.

(त्यांनी सांगितलं तसंच शेवटी केलं. पंप मागे टाकीजवळ गेला, टाकीत परत जाणारी नळी आली, रेग्युलेटर आला. रेग्युलेटरच्या चकतीवर काटा २ वर ठेवला की गेज साडेतीन दाखवतं. म्हणून गेजही विकत. इंजिन ऑइल वेगळंच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास मारत होता, म्हणून तेही बदललं.)

"नीडल आडकली आसंल. स्क्रूड्रायव्हर हाय? आन हे धरा." किटली माझ्या हातात आली. मामा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कार्ब्युरेटरला हळूहळू ठोकायला लागले, कान लावून, डॉक्टर पाठीवर ठोकतो तसे.

मी किटली धरून उभा. गंगावेशीत. दूध कट्ट्यासमोर.

"कसं लिटर?"

जांभळं पातळ, हातात स्टीलचा डबा. मी म्हटलं, मी विकत नाही.

"मग किटली कशाला धरलीया? म्हैस कुठाय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इथं म्हशी कट्ट्यावरच आणतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतात. म्हैस दाखवता आली नाही तर इथं तुम्हाला काडीची किंमत नाही. बाईंनी माझ्या मागे पाहिलं. मागे पद्मिनी, बॉनेट वासून, खालून गळणारी.

"द्या की त्यास्नी एक लिटर," बॉनेटमधून आवाज आला. "माप किटलीतच हाय."

काय करणार? दिलं मोजून. मघाशी पेट्रोलची नळी चाचपलेली, तोच हात. बाईंनी डबा नाकाशी नेला. एकदा हुंगला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला.

"आवो, हिकडं या जरा," त्या कट्ट्यावरच्या चौघांना म्हणाल्या. "ह्यो बाबा दुधात काय घालतोय बघा."