प्रतिभाताईंचा हिशेब करायचा तर नीट करा

परवा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांवरचा एक जुना मेसेज पुन्हा फिरला. परदेश दौरे, पुण्याची जागा, राष्ट्रपती भवनातून अमरावतीला आलेल्या भेटवस्तू, फाशीची माफी, सगळं एका दमात. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की यातल्या निम्म्या गोष्टी खऱ्या आहेत, पण हिशेब चुकीचा आहे. झालं, पुतण्याचा फोन. "काकू, तुम्ही कायले मधात पडता? आपल्या जिल्ह्याची सून हाय म्हून?"

म्हणून इथे सविस्तर लिहिते. आमच्या घरात पंजाही आहे आणि कमळही, त्यामुळे कोणाची बाजू घेतली तरी जेवायला एकाच पंगतीत बसावं लागतं.

मी स्वतः पाच वर्षं सरपंच होते. महिला राखीव जागा. निवडून आले त्याच दिवसापासून ऐकलं, "सही बाईची, कारभार मालकाचा." त्यामुळे एखाद्या बाईला कोणी "रबर स्टँप" म्हटलं की मी आधी विचारते, तिच्या हातात नेमकं होतं काय? गावाला वाटतं सरपंच म्हणजे सगळं. खरं तर पैसा वरून येतो, कशावर खर्च करायचा ते बरंचसं ठरूनच येतं, आणि चेकवर ग्रामसेवकाची सही माझ्या सहीबरोबरच लागते. माझ्या हातात एक गोष्ट पूर्णपणे होती. सही न करणं.

एकदा नालीचं बिल समोर आलं. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीत, चाळीस मीटर लिहिलेले. मी घरचा टेप घेतला, शेजारच्या पोराला एक टोक धरायला लावलं आणि चिखलात उतरून मोजलं. अठ्ठावीस मीटर भरली. तीन आठवडे सही केली नाही. घरी दोनदा माणसं येऊन बसली, मालकांना समजावून गेली. शेवटी उरलेली नाली बांधली, मग सही झाली. पाच वर्षांत मी काय केलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, समाजमंदिराला दिलेला रंग सांगत नाही.

राष्ट्रपतिपदाकडेही मी याच नजरेनं पाहते. घटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं. फेरविचारासाठी सल्ला एकदा परत पाठवता येतो, तोच पुन्हा आला तर मानावा लागतो. म्हणजे हात बांधलेले, पण पेन हातात. ग्यानी झैलसिंगांनी १९८६ चं टपाल विधेयक सही न करता ठेवून दिलं. के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायचा सल्ला परत पाठवला. कलामसाहेबांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत केलं. आणि फखरुद्दीन अली अहमदांनी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही करून दिली. सहीची किंमत त्या रात्री देशाला कळली.

आता ताई. २००८ ची कर्जमाफी झाली तेव्हा त्या राष्ट्रपती होत्या. पूर्ण माफीला दोन हेक्टरची, म्हणजे साधारण पाच एकरांची अट होती. आमच्याकडे सहा एकर कोरडवाहू म्हणजे काही बागायतदार नव्हे, एका वर्षी कपाशीला बोंडअळी, दुसऱ्या वर्षी पावसाची दडी. पण तो माणूस अटीबाहेर गेला. त्याला सांगितलं, आधी पंच्याहत्तर टक्के भर, मग पंचवीस टक्के सवलत. तेव्हा लोक बोलायचे, "आपली बाई दिल्लीत बसली हाय, अन् आपल्याच शेतकऱ्याले भोपळा." तो राग मला समजतो, आमच्याही घरात तो होता. पण ती अट ताईंनी घातलेली नव्हती आणि काढणं त्यांच्या हाती नव्हतं. तो जाब सरकारला विचारायचा होता. तसंच नरखेड-अमरावती रेल्वेचं श्रेय. त्या खासदार असताना मागणी लावून धरली, ते खासदारकीच्या खात्यात लिहा. राष्ट्रपतिपदाच्या खात्यात ना ते पुण्य, ना ते पाप.

फाशीचं मात्र नीट बोलू. "बाईनं खुन्यांना सोडलं" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. कोणाला सोडलं नाही, फाशीची जन्मठेप झाली. तीसहून जास्त जणांची. त्या यादीत लहान लेकरांवर अत्याचार करून मारणारेही होते आणि ती वाचताना माझ्याही पोटात कालवलं. पण हे दयेचे अर्ज राष्ट्रपतींकडे गृहखात्याच्या शिफारशीसह येतात. कलामसाहेबांनी पाच वर्षांत दोनच अर्ज निकाली काढले, एक फेटाळला आणि एक मान्य केला. बाकी ढीग ताईंच्या टेबलावर आला. कलामसाहेब मलाही फार प्रिय आहेत, पोरांच्या खोलीत अजून त्यांचा फोटो आहे. पण निर्णय न घेतलेल्याला आपण संत म्हणतो आणि निर्णय घेतलेल्या बाईला मऊ म्हणतो, हे मला पटत नाही. आणि मऊ कुठल्या? राजीव गांधींच्या मारेकऱ्यांचे अर्ज २०११ मध्ये त्यांनीच फेटाळले. ती फाशी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, कारण अर्ज अकरा वर्षं लोंबकळत ठेवले होते. त्यातली जास्त वर्षं ताईंच्या आधीची.

त्यांची चूक मी इथे दुसरीच धरते. माफी मिळालेल्यांतला एक कैदी २००७ मध्येच तुरुंगात मेला होता आणि त्याच्या माफीचा आदेश निघाला २०१२ मध्ये. फाईल गृहखात्यानं पाठवली हे खरं. पण माणूस जिवंत आहे का, एवढं तरी सही करणाऱ्यानं विचारायला नको? अठ्ठावीस मीटर नाली मोजायला मला दहा मिनिटं लागली होती.

आणि जिथे कोणाचा सल्ला आड येत नव्हता, सगळं स्वतःच्या मनावर होतं, तिथे त्या कमी पडल्या. विमानाचा खर्च धरून परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी गेले हे माहिती अधिकारात बाहेर आलं. दौरे सरकार ठरवतं, मान्य. पण सोबत घरची माणसं किती न्यायची हे सरकार सांगत नाही. पुण्याला खडकीच्या लष्करी जागेत निवृत्तीचं घर, जवळजवळ सहा एकर. तेच सहा एकर, ज्यावर आमच्याकडे एक आख्खं घर जगतं. ओरड झाल्यावर एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी ती जागा सोडली. सोडली हे लिहा, पण ओरड झाल्यावर सोडली हेही लिहा. भेटवस्तूही परत कराव्या लागल्या. २००९ मध्ये मुलाला अमरावतीचं तिकीट मिळालं, तेही मंत्री असलेल्या स्वपक्षीय आमदाराला डावलून. त्यानं आमच्या जिल्ह्यात किती माणसं दुखावली हे मी जवळून पाहिलंय. पद तेवढं मोठं असताना घर दोन पावलं मागे राहायला हवं होतं.

राज्यपाल असताना याच बाईंनी राजस्थानचं धर्मांतरबंदीचं विधेयक २००६ साली सही न करता परत पाठवलं होतं, तेही समोर वसुंधराराजेंचं सरकार असताना. पेन धरायची ताकद त्यांच्यात होती. म्हणूनच राष्ट्रपती भवनातल्या पाच वर्षांत ती आणखी दिसायला हवी होती असं मला वाटतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुखोई लढाऊ विमानात बसलेला त्यांचा फोटो मी पेपरातून कापून ठेवलाय. तो पाहून आनंद होतो, पण कामाचे गुण त्याचे देत नाही.

माझा राग मेसेज पाठवणाऱ्यांवर एवढ्यासाठीच आहे की माप माणसागणिक बदलतं. जे ताईंना सहीची बाई म्हणत हसले, तेच आज मुर्मूजींबद्दल अवाक्षर काढू देत नाहीत. आणि ज्यांनी २०२२ मध्ये मुर्मूजींच्या विरोधात मत दिलं, तेच २०२३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन त्यांच्या हातून का नाही म्हणून बहिष्कार घालून बसले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण एक दिवस आधीपर्यंत ते पद त्यांना आठवलं नव्हतं.

पुतण्याला मी हेच सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मंग तुम्ही ताईले पास करता का नापास?" मी म्हटलं, फाशीच्या कामात पास, एका फाईलीचा डाग धरून. घरच्या व्यवहारात नापास. बाकी विषय त्यांच्या पेपरात नव्हतेच. आता तू मुर्मूजींचा पेपर तपास, त्यांची मुदत जुलै २०२७ ला संपते, आणि हेच प्रश्न घे. तो म्हणाला, विचार करून सांगतो.